धावणाऱ्याची नडगी का दुखते?

पहाटे साडेपाचच्या सुमारास तालुक्याच्या गावाबाहेर डांबरी रस्त्यावर उभे राहिलात, तर वर्षातले काही महिने तो रस्ता सुनसान दिसेल आणि काही महिने मुलामुलींनी गजबजलेला. पोलीस भरतीची जाहिरात निघाली किंवा सैन्यभरतीची तारीख लागली, की अंधारातच पावलांचे आवाज सुरू होतात. पोलीस शिपाई होऊ इच्छिणाऱ्या मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि किती सेकंदांत धावलात यावर गुण ठरतात. त्यांच्या मागेमागे शालेय क्रीडास्पर्धांची तयारी करणारी आठवी-नववीची मुलेही असतात. कदाचित तुम्हीही त्यांतले एक असाल.

पहिला आठवडा दम लागण्यात जातो. दुसऱ्यात मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात. तिसऱ्या आठवड्यात दम कमी लागतो, अंग हलके वाटते आणि धावणारा मनाशी म्हणतो, "आता जमले!" तो अंतर वाढवतो, वेगही वाढवतो. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात एके सकाळी नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो. कोणी म्हणतो, "तेल चोळ." कोणी म्हणतो, "रक्त साकळलं असेल, धावल्यावर मोकळं होईल." कोणी दुखण्याची गोळी घेऊन धावतो. काहींचे दुखणे आपोआप थांबते. काहींचे मात्र चाचणीच्या तोंडावर इतके वाढते की पाऊल टेकवत नाही, आणि वर्षभराची वाट पाहणे वाया जाते.

तिसऱ्या आठवड्यात सगळे झकास चालले असताना पाचव्या आठवड्यात हाडाने का कुरकुरावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण आधी थोडे मागे जाऊ.

सैनिकाचे पाऊल आणि आगगाडीचा आस

प्रशिया हे एकोणिसाव्या शतकातले युरोपमधील एक बलाढ्य राज्य. तेथील सैन्यात ब्राइथाउप्ट नावाचा एक वैद्य होता. १८५५ साली त्याने नव्या सैनिकांचे एक विचित्र दुखणे नोंदवून ठेवले. लांबलांबच्या कवायती कूचानंतर काही सैनिकांचे पाऊल सुजे आणि दुखे. ना जखम, ना पाय मुरगळलेला, ना कशाचा मार. ब्राइथाउप्टला वाटले, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांच्या आवरणाला सूज येत असावी. त्याची निरीक्षणे अचूक होती, कारण मात्र चुकले. त्यात त्याचा दोष नव्हता. जिवंत माणसाच्या कातडीआड पाहण्याचे साधनच त्या वेळी नव्हते. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि दोनच वर्षांत, १८९७ साली, श्टेखोव याने अशा सुजलेल्या पावलांची छायाचित्रे काढून दाखवले, की चवड्यामागच्या लांबट हाडांना चक्क तडे गेलेले असतात.

नुसते चालून हाड मोडावे, हे पटायला जड होते. पण जवळजवळ त्याच काळात, त्याच प्रशियात, ऑगस्ट व्योलर नावाचा रेल्वे इंजिनिअर वेगळ्याच कोड्याशी झुंजत होता. आगगाडीच्या चाकांचे पोलादी आस मोडत असत. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि निदान पन्नास माणसे दगावली. गंमत अशी, की मोडणाऱ्या आसांवरचा भार ते एका दमात मोडण्याइतका मुळीच नसे. व्योलरने आस यंत्रावर चढवून लाखो वेळा फिरवून पाहिले. एकदाच दिला तर काहीही न करणारा भार पुन्हापुन्हा दिला, की पोलादात बारीक तडा पडतो, तो तसूतसूने वाढतो आणि एके दिवशी आस काडकन मोडतो, हे त्याने प्रयोगाने दाखवले. याला धातूचा थकवा म्हणतात.

हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. जुन्या तारेचा एक तुकडा घ्या. तो ताणून तोडायचा प्रयत्न करा; तुटणार नाही. आता तो एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा आणि किती वेळा वाकवल्यावर तुटतो ते मोजा. दुसरा तुकडा घेऊन कमी कोनात वाकवा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांत किती फरक पडतो, तो वहीत लिहून ठेवा. पुढे आपल्याला त्याचा उपयोग होईल.

आता पायावरचा हिशेब करू. धावताना प्रत्येक पावलागणिक जमीन आपल्या पायावर वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट जोर लावते. समजा, तुमचे वजन ५० किलो आहे आणि जोर अडीच पट आहे. म्हणजे एका पावलाला १२५ किलो. एक पाऊल एक मीटरचे धरले तर १६०० मीटरना १६०० पावले, म्हणजे एका पायाच्या वाट्याला ८००. आठशे गुणिले सव्वाशे म्हणजे एक लाख किलो, अर्थात १०० टन! दहा टनी मालट्रकचे दहा फेरे एका नडगीवरून गेले. भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणतील, की जोरांची अशी बेरीज करणे शास्त्रशुद्ध नव्हे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. एकापाठोपाठ एक येणारे आठशे धक्के म्हणजे एकच मोठा धक्का नव्हे. पण कामाचा अंदाज यावा म्हणून एवढी सूट घेऊ. शिवाय पोटरीचे स्नायू आखडतात तेव्हा तेही हाडाला दाबतात, तो भार आपण धरलेलाच नाही.

मग प्रत्येक धावपटूची नडगी आगगाडीच्या आसासारखी का मोडत नाही?

दुरुस्ती करणारी टोळी

आस निर्जीव असतो. त्यातला तडा कधीच भरून येत नाही. हाडाचे तसे नाही, पण आपल्या मनात मात्र हाड म्हटले की वर्गातला सांगाडा उभा राहतो आणि आपण त्याला वासा किंवा तुळई समजून बसतो. जिवंत हाडात रक्त वाहते, मज्जातंतू असतात आणि पेशींची एक मोठी वस्ती असते.

झुरिकमध्ये हेर्मान फोन मायर हे शरीररचनाशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाचे उभे काप करून पाहत होते. त्या हाडाच्या वरच्या टोकात जाळीसारखी रचना दिसते. १८६६ साली कार्ल कुलमान या इंजिनिअरच्या नजरेस ते काप पडले आणि तो चकित झाला. जड ओझी उचलणाऱ्या यारीच्या वाकड्या खांबात ताण आणि दाब ज्या रेषांनी जातात, त्याच रेषांत या हाडाच्या काड्या लावलेल्या होत्या! पुढे १८९२ साली बर्लिनचे शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी नियमच मांडला, की हाडावर जसा भार पडतो तशी हाडाची घडण बदलत जाते. त्यांच्या गणिताची पुढे बरीच चिकित्सा झाली, पण मूळ कल्पना टिकली. टेनिसपटूचा रॅकेट धरणारा हात क्ष-किरणांत पाहिला, तर त्याचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड दिसते. उलट अवकाशस्थानकात राहणाऱ्या अंतराळवीराच्या पायांवर भारच नसतो; त्याच्या खुब्याच्या हाडातील खनिज महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते. म्हणून तेथेही त्याला रोज व्यायाम करावा लागतो.

ही घडण बदलते कशी? तुमच्या गावात डांबरी रस्ता नीट दुरुस्त करणारी टोळी कधी पाहिली आहे का? नुसती खडी टाकून जाणारी नव्हे, चांगली टोळी. ती आधी भेगाळलेला भाग चौकोनी खणून काढते, कडा साफ करते आणि मगच भरते. हाडातही अगदी असेच घडते. धावण्याने हाडात अतिसूक्ष्म तडे पडतात. तडा पडला, की आसपासच्या पेशींकडून संदेश जातो आणि ऑस्टिओक्लास्ट नावाच्या मोठ्या पेशी तेथे गोळा होतात. त्या आम्ल व पाचक द्रव्ये सोडून खराब झालेले हाड विरघळवतात आणि बारीक बोगदा खणतात. त्यांच्या मागोमाग ऑस्टिओब्लास्ट या बांधणाऱ्या पेशी येतात. त्या आधी प्रथिनाचा मऊ सांगाडा घालतात आणि मग त्यात कॅल्शियम व फॉस्फरसची खनिजे भरत जातात.

सारी गोम येथेच आहे. खणायला सुमारे तीन आठवडे लागतात. भरायला सुमारे तीन महिने. भरल्यावरही ते हाड पुरते कठीण व्हायला आणखी काही महिने जातात. घराचा स्लॅब टाकल्यावर मिस्त्री पाणी मारतो आणि सेंट्रिंग लगेच काढू देत नाही, ते आठवा. ओल्या स्लॅबवर कोणी धान्याची पोती रचत नाही.

आता सुरुवातीचे वेळापत्रक पुन्हा पाहा. नियमित धावू लागल्यावर रक्तातील द्रवाचे प्रमाण एक-दोन आठवड्यांतच वाढते, हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, काही आठवड्यांत स्नायू तयार होतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात दम लागत नाही. पण त्याच तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या हाडात खणण्याचे काम जोरात असते आणि भरण्याचे नुकते सुरू झालेले असते. म्हणजे धावू लागण्यापूर्वी ते जितके मजबूत होते, त्याहून ते आता किंचित कमजोर असते! छाती म्हणते, "पळ." नडगीला बोलता येत नाही. धावणारा छातीचे ऐकतो, अंतर दुप्पट करतो, आणि टोळी एक खड्डा भरते न भरते तोच चार नवे पडतात. थकलेले स्नायूही या वेळी मदतीला कमी पडतात. एरवी पोटरीचे स्नायू नडगीचे वाकणे आवरून धरत असतात, ते थकले की हाड अधिक वाकते. तारेचा प्रयोग आठवा, वाकण्याचा कोन थोडा वाढला तर तार किती लवकर तुटली?

दुखणे कोणते ते ओळखा

नडगीची पुढची कड चाचपून पाहा. तेथे कातडीखाली लगेच हाड लागते. त्या हाडाच्या आतल्या कडेवरून, गुडघ्याखालून घोट्यापर्यंत बोट फिरवा. धावणाऱ्यांचे दुखणे बहुधा या कडेच्या खालच्या भागात असते. ते चार-पाच बोटे लांबीवर पसरलेले असेल, धावायला सुरुवात करताना जाणवत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर हाड आणि त्यावरचे आवरण यांच्यावर ताण आला आहे, पण बहुधा तडा गेलेला नाही. येथेच थांबलात तर काही आठवड्यांत बरे होते.

पण दुखणे एका बोटाने दाखवता येण्याइतके एकाच ठिकाणी असेल, धावताना कमी होण्याऐवजी वाढत असेल, चालतानाही होत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवले पाहिजे. जांघेत खोलवर दुखत असेल तर एक दिवसही दवडू नये, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा सरकला, तर शस्त्रक्रियेची पाळी येते. आणखी एक गोष्ट पालकांना व शिक्षकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अशा तड्यात पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण छायाचित्र पुष्कळदा अगदी स्वच्छ येते. तडा केसाहून बारीक असतो. त्याच्याभोवती नवे हाड जमू लागले की मगच तो दिसतो. "फोटोत काही नाही, म्हणजे मुलगा कांगावा करतो," असा निष्कर्ष काढू नये. दुखणे टिकले तर पुन्हा दाखवावे.

नडगीच्या अशा तड्याला साधारणपणे सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते, काही जागच्या तड्यांना त्याहून अधिक. गोळी घेऊन धावणे हा उपाय नव्हे. गोळी हाडाला काहीच शिकवत नाही. फक्त घंटेची तार कापते. तेल चोळल्याने पोटरीला बरे वाटेल, पण त्या दुखऱ्या टिंबावर जोरात रगडू नये.

तुमच्या वयाच्या वाचकांसाठी एक वेगळी नोंद. बारा ते पंधरा वर्षांच्या सुमारास हाडे भराभर लांब होतात. हाडाच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि तेथे वाढ होते. ही कूर्चा हाडापेक्षा मऊ असते. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून उतरून नडगीच्या वरच्या टोकाला जेथे जोडलेला असतो, तेथेही अशीच कूर्चा असते. धावण्या-उड्या मारण्यात ती सारखी ओढली जाते आणि वाटीच्या खाली दुखरा उंचवटा येतो. १९०३ साली अमेरिकेत ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमध्ये श्लाटर या दोघांनी, एकमेकांना न विचारता, याचे वर्णन केले, म्हणून दोघांचीही नावे त्याला जोडली आहेत. टाचेच्या मागच्या भागातही असेच होते. हे दुखणे भिण्याचे नाही, वाढ पूर्ण झाली की जाते, पण ते जोरात असेल तेव्हा उड्या व जोराचे धावणे कमी केले पाहिजे. "वयात आल्यावर दुखतंच" म्हणून मुलाला तसेच पळवू नये.

किती वाढवावे?

दर आठवड्याला अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा एक नियम धावपटूंमध्ये प्रचलित आहे. आकडा गोंडस आहे, पण तो प्रयोगातून आलेला नाही. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला. एका गटाने १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी तेरा आठवडे तयारी केली, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने आठ आठवडे. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला: दोन्ही गटांत सुमारे पाचांपैकी एकाला दुखापत! मग हळूहळू वाढवणे निरर्थक आहे का? तसे नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या एका अभ्यासात असे दिसले, की आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी घेतलेली उडी अधिक घातक ठरते. गेल्या तीस दिवसांत तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त जितके धावलात, त्याहून बरेच जास्त एखाद्या दिवशी धावलात, की धोका वाढतो. म्हणजे सहा दिवस दोन-दोन किलोमीटर धावणाऱ्याने रविवारी मित्रांच्या नादाने आठ किलोमीटर मारले, तर बेरजेपेक्षा तो रविवार त्याला भोवतो. माझ्या मते आपल्याकडच्या मुलांचे नेमके हेच होते.

हाडाला फार वेळ धक्के दिले म्हणजे ते फार मजबूत होते, हाही एक गैरसमज. जपानमध्ये १९९७ साली उंदरांना रोज उड्या मारायला लावून पाहिले. काहींना रोज पाच, काहींना दहा, वीस, चाळीस, काहींना शंभर. रोज पाचच उड्या मारणाऱ्या उंदरांची हाडेही स्पष्टपणे बळकट झाली. शंभर उड्यांचा फायदा वीसपटीने नव्हता. हाडातल्या पेशी थोड्या धक्क्यांनंतर जणू ऐकेनाशा होतात आणि काही तासांनी पुन्हा कान देतात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे खरे, पण दोरीवरच्या थोड्या उड्या आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस न धावता काढणे यांना यातून चांगला आधार मिळतो. जी मुले लहानपणापासून लंगडी, खो-खो, लगोरी खेळतात, त्यांची हाडे भरतीच्या जाहिरातीची वाट न पाहता तयार होत असतात. जाहिरात निघाल्यावर सहा आठवड्यांत हाड बनत नाही, एवढे वरच्या हिशेबावरून तुमच्या लक्षात आले असेलच. तयारी पाच-सहा महिने आधी सुरू झाली पाहिजे, आणि सुरुवात चालण्याने.

धावण्यापूर्वी वाकून पायाची बोटे धरणे, ताण देऊन उभे राहणे हे आपण कवायतीच्या तासाला शिकतो. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात १५३८ नव्या सैनिकांचे दोन गट करून अकरा-बारा आठवडे पाहिले. एक गट ताण देऊन व्यायामाला जाई, दुसरा न देता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या निकालात दुखापतींत लक्षणीय फरक पडला नाही. ताण द्यायला हरकत नाही, पण त्याने नडगीला कवच मिळते असे मानू नका. पाच मिनिटे भरभर चालून मग सावकाश धावू लागणे पुरते.

त्याच देशाच्या सैन्यातली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. नव्याने भरती झालेल्या स्त्रियांच्या ओटीपोटाच्या हाडांना तडे जात होते. कारण शोधता असे दिसले, की उंच पुरुषांच्या पावलाशी पाऊल जुळवण्यासाठी त्यांना कूच करताना ढांगा टाकाव्या लागत. प्रत्येकीला आपल्या सोयीच्या लांबीचे पाऊल टाकू दिले, वेग व लांब पल्ल्याची धाव आवरली, तेव्हा हे प्रमाण झपाट्याने खाली आले. तुम्हीही वेग वाढवायचा म्हणून पाऊल शरीराच्या फार पुढे टाकू नका. त्याच वेगाला थोडी आखूड आणि थोडी जास्त पावले टाकली, तर गुडघ्यावर व खुब्यावर येणारा भार कमी होतो, असे मोजमापाने दिसले आहे. एका मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि त्यात चार-पाचांची भर घालून पाहा.

बुटांविषयी विद्यार्थी हमखास विचारतात. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, आणि १९६४ साली टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकला. म्हणजे वाद बिकिलाने आपल्यापुरता मिटवून टाकला! ज्याला लहानपणापासून अनवाणी धावायची सवय आहे, त्याच्या पावलांची हाडे त्या कामाला सरावलेली असतात. पण जन्मभर बूट-चपला घालून एकाएकी अनवाणी किंवा कागदासारख्या पातळ तळव्याच्या बुटांत धावू लागणाऱ्यांच्या चवड्यामागच्या हाडांत सूज आलेली आढळली आहे; ब्राइथाउप्टच्या सैनिकांचीच ती हाडे. महाग बुटांची गरज नाही. बोटांना जागा देणारे, टाच घट्ट धरणारे आणि तळवा एका बाजूला झिजलेला नसलेले बूट चालतात. नवे बूट मात्र चाचणीच्या दिवशी प्रथमच घालू नयेत.

टोळीला माल पुरवणे

खड्डे भरणाऱ्या टोळीला खडी-सिमेंट मिळाले नाही, तर ती काय करणार? अमेरिकेच्या नौदलात भरती झालेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांपैकी काहींना प्रशिक्षणाच्या आठ आठवड्यांत कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. पहिल्या गटात हाडांना तडे जाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. हा निकाल २००८ सालचा. यावरून लगेच गोळ्या आणायला धावू नका. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ, दूध-ताक यांवर घरचे जेवण चांगले उभे राहते. प्रथिनासाठी डाळ, उसळ, आणि खात असाल तर अंडी-मासे. 'ड' जीवनसत्त्व कातडीवर ऊन पडल्याने तयार होते. पण पहाटे अंधारात धावून दिवसभर वर्गात आणि अभ्यासिकेत बसणाऱ्यांना ऊन मिळतेच असे नाही, हे ध्यानात ठेवा.

वजन कमी असले की वेग वाढतो, असे ऐकून काही मुले-मुली जेवण तोडतात. येथे शरीर मोठे काटकसरी आहे. जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी अन्नातून आली नाही, की ते ताबडतोब न लागणारी कामे बंद करते. मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. पाळी थांबणे याचा अर्थ हाडे जपणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी पडले आहे. अशा मुलीच्या हाडात खणणारी टोळी काम करत राहते आणि भरणारी मागे पडते. काही ठिकाणी पाळी थांबणे ही कसून मेहनत केल्याची खूण मानतात. ती खूण नव्हे, ते दुखणे आहे. तीन महिने पाळी आली नाही तर आईला किंवा बाईंना सांगून डॉक्टरांकडे जावे. यात लाजण्यासारखे काही नाही. मुलांमध्ये अशी उघड खूण दिसत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत ते अधिक उशिरा कळते.

शाळेत ज्यांना हा विषय हातात घ्यायचा असेल, त्यांनी चौकटीच्या वहीत तक्ता करावा. आडव्या रेषेवर दिवस आणि उभ्या रेषेवर त्या दिवशी धावलेले मीटर मांडावेत. खाली एक रकाना दुखण्याचा असावा: काही नाही तर शून्य, पसरलेले असेल तर एक, एका बोटाने दाखवता येत असेल तर दोन. महिन्याभराने वर्गातले तक्ते शेजारी-शेजारी लावले, की एखाद्या उंच सुळक्यानंतर किती दिवसांनी रकान्यात एक आला, हे डोळ्यांना दिसते. शिक्षकांनी एवढेच पाहावे, की खरे लिहिल्याबद्दल कोणाला संघातून काढण्याची भीती वाटू नये. नाहीतर सगळे रकाने शून्याने भरतील.

ज्याच्या रकान्यात दोन आला आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, त्याने त्या काळात परवानगी असेल तर पोहावे किंवा सायकल चालवावी. छाती तयार राहते आणि नडगीला धक्के बसत नाहीत. डॉक्टरांनी होकार दिल्यावर आधी अर्धा तास न दुखता भरभर चालता आले पाहिजे. मग एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे दहा वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी बोटाने दाबून पाहावी. दुखली तर पुन्हा चालण्यावर यावे. आणि पहिले दोन आठवडे घड्याळ घरीच ठेवावे.